बिळावरचे जाळे

बिळाच्या तोंडावर कोळ्याचे जाळे होते आणि ते अखंड होते. वखारीच्या जोत्याच्या उत्तर अंगाला, दोन काळ्या दगडांच्या सांध्यात, मूठ आत जाईल एवढे ते बीळ होते. त्याच्या कडा उंदरांच्या येण्याजाण्याने कधीकाळी घासून तुळतुळीत झालेल्या होत्या. जाळे धुळीने करडे पडलेले, मध्ये थोडे खोलगट, आणि त्या खोलगट भागात काही पिवळट कण अडकून राहिलेले. वखार भाताची होती. आढ्यापर्यंत भरलेली होती.

गोमा उकिडवा बसून जाळ्याकडे पाहत होता. सकाळच्या फेरीत तो नेहमी इथपर्यंत येई, नेहमी थांबे, आणि नेहमी काहीतरी आठवल्यासारखे करून पुढे जाई. आज त्याच्या लक्षात आले की आपण रोज जे आठवल्यासारखे करतो ते काहीच नसते. आपण फक्त इथून उठतो. ते उठणे भीतीचे होते. पण जाळ्याची भीती कशी वाटेल? त्याने नाग पाहिले होते, एकदा करवंदीच्या जाळीत अस्वलाचा श्वास ऐकला होता, खोपोलीला वीजघराचे लोखंडी नळ डोंगरावरून उतरवताना दोर तुटलेला पाहिला होता — त्या भीती समोरून येत आणि निघून जात. ही येत नव्हती आणि जात नव्हती. ती पाठीला चिकटून बसली होती, ओल्या फडक्यासारखी.

तो उठला. उठताना गळ्यातली किल्ली छातीवर आपटली. लोखंडी, बोटभर लांब, सुतळीत ओवलेली. घामाने तिचा गंज उतरून छातीवर तांबूस डाग पडला होता आणि घासूनही तो जात नव्हता.

किल्ली त्याच्याकडे का होती हे त्याला ठाऊक होते, म्हणजे त्याला ते सांगण्यात आले होते. विश्वास म्हणून.

तो इथे काम मागायला आला होता ते कुंपणाचे. खोपोलीचे नळ बसून झाले होते, त्यांतून पाणी वाहू लागले होते आणि नळांना माणसांची गरज उरली नव्हती. रानात खैराला हात लावायची बंदी होती. कोळशाच्या भट्ट्या ठेकेदाराने पलीकडच्या खोऱ्यात नेल्या होत्या. होळी होऊन गेली होती आणि कातकरवाडीतल्या मडक्यांत खडखडाट होता. गोमा डोंगर उतरून कडावच्या बाजूला आला, ज्या दारी काटेरी कुंपण मोडलेले दिसले त्या दारी थांबला, आणि असा थांबत थांबत मुंबईच्या शेठच्या वखारीपाशी पोचला. विलायतेकडे लढाई चालू असल्यामुळे भाताचा भाव चढत होता, आणि आणखी चढेल म्हणून शेठने सुगीचे सगळे भात विकत घेऊन इथे कोंडून ठेवले होते, एवढे त्याने ऐकले होते. शेठचा कारभारी आबाजी अंगणात उभा होता. आधीचा राखणदार म्हातारा बुधाजी; त्याला दिसत नाही म्हणून पौषातच काढून टाकले होते, तेव्हापासून वखारीवर कोणी नव्हते, आणि गावातले चांगले दांडगे तरुण त्या जागेसाठी काठ्या घेऊन आले होते. ते ओळीने भिंतीला टेकून उभे होते. आबाजीने त्यांच्यावरून नजर फिरवली, मग गोमाकडे पाहिले — आणि पाहतच राहिला. एखादी हरवलेली वस्तू जिथे असायला हवी होती तिथेच सापडावी, तसे काहीतरी त्याच्या तोंडावर उमटले. गोमाला ते आवडले होते. आपल्याला पाहून कोणाचा चेहरा उजळावा, हे डोंगराखाली त्याच्या बाबतीत पूर्वी घडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या पारावर पाटील, भटजी आणि चार शेतकरी बसलेले असताना आबाजीने आपल्या कमरेच्या साखळीतली किल्ली सोडली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"पाटील, तुमी बघताय. वखार आढ्यापतूर भरलेली हाय. आजपासनं चावी गोमाकडं."

गोम्याकडं नव्हे, गोमाकडं. आणि आपल्या हाताने, त्याला शिवून, सुतळी त्याच्या गळ्यात घातली होती. पारावरचे कोणी हसले नव्हते. त्या दिवशी डोंगर चढून घरी जाताना गोमा किल्ली हातात धरून चालला होता, न जाणो तिचा आवाज झाला तर — कोणाला ऐकू गेला असता, ते त्याने स्वतःला विचारले नव्हते.

चिंधीने मात्र विचारले होते. चुलीपुढे बसून त्याच्या बायकोने ती किल्ली उलटीसुलटी पाहिली होती. वाडीत कोणाच्या दाराला कुलूप नव्हते. दार म्हणजे कारवीचा झाप, तो लोटला की घर बंद.

"राखनाऱ्याला चावी कशाला रं?"

"इस्वास हाय."

"त्यांचा? आपल्यावर?"

एवढेच बोलणे झाले होते. मग तिने किल्ली परत दिली, आणि हात लुगड्याला पुसले.

फेरी संपवून गोमा दारापुढच्या आपल्या दगडावर येऊन बसला. दगड असा ठेवला होता की पाठीशी वखारीचे दार यावे आणि तोंडासमोर रान. चोर रानातून येणार. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. राखणदार म्हणून त्याने ते स्वतः ठरवले होते, आणि ठरवताना हेही जाणले होते की रानातून येणारे म्हणजे आपल्यासारखेच कोणी येणार. मागे कडीकोयंड्यात कुलूप होते आणि कुलपाच्या कडीत गवताची गाठ. ती त्याने पहिल्याच दिवशी, सवयीने, बांधली होती. रानात मधाचे पोळे सापडले, तोडलेली लाकडे ठेवायची झाली, की वाडीतला माणूस खोडाला गवताची गाठ मारून जातो. ती दिसली की दुसरा हात लावत नाही. पोळे आठ दिवस तसेच राहते. कुलपापेक्षा ती गाठ गोमाला अधिक कळत असे. कुलूप कोणी उघडून पुन्हा लावले तर कुलूप सांगत नाही. गाठ सांगते: ती सोडून पुन्हा बांधली तर जुन्या दुमडीवर नवी दुमड बसत नाही. त्याच्या गाठीचे गवत आता वाळून कडक झाले होते आणि दुमड पहिलीच होती. म्हणजे कोणी आले नव्हते. म्हणजे सगळे ठीक होते. हे तो दिवसातून किती वेळा पाहत असे! आणि सगळे ठीक आहे याची इतकी वेळा खात्री करून घ्यावी लागते, तेव्हा —

गाडीच्या चाकांचा आवाज आला. पोपट गाडीवान, कर्जत स्टेशनाला माल पोचवणारा, बोलघेवडा, कोणाच्या दुःखात नसलेला माणूस. बैल न सोडताच त्याने वखारीभोवती मान फिरवली आणि नेहमीचीच थट्टा काढली.

"काय रं गोम्या, एक बी उंदीर दिसत नाय. सगळं तूच खाल्लंस का रं?"

गोमा हसला. हसणे हा त्याच्या कामाचाच भाग होता.

"न्हाय रं, तुजा वास लागला आसंल त्यांना," पोपटच पुढे म्हणाला. " आबाजींनी लय हुशारी केली बघ, मांजराचा खर्च वाचवला."

ही थट्टा पोपटने पहिल्यांदा केली तेव्हाच गोमाने ती जवळ ठेवून घेतली होती. वाडीतली माणसे भातकापणीनंतर बांधावरची बिळे उकरतात. उंदीर मिळतो आणि त्याने आत साठवलेले भातही मिळते. उंदरांना हे ठाऊक असणारच. वंशपरंपरेने ठाऊक असणार. एखाद्या जागी कातकरी राहायला आला तर तिथले उंदीर निघून जातील, यात अशक्य ते काय? हे स्पष्टीकरण कोणी तपासलेले नव्हते. ते सोयीचे होते, आणि सोयीचे स्पष्टीकरण माणूस सहसा तपासत नाही.

मग पोपटने निरोप सांगितला. शेठ उद्या सकाळी मुंबईहून येणार होता. भाव पुरेसा चढला होता. वखार उघडायची, भात बाहेर काढायचे, गाड्या भरून स्टेशनावर न्यायचे. आबाजी त्याला आणायला स्टेशनावर जाणार, आणि येताना पाटलालाही बरोबर घेणार होता.

"पाटील कशाला?" गोमाने विचारले.

"म्या काय जानं. तू हितंच ऱ्हा म्हनलं, कुटं जाऊ नको. आनि चावी गळ्यातच राहू दे म्हनलं."

गाडी गेली. चाकांचा आवाज ओहोळापर्यंत ऐकू येत होता, मग खाली पाण्यात उतरला आणि संपला.

पाटील. गोमाने आपली उजव्या हाताची बोटे मिटून पाहिली. मिटली. हे तो लहानपणापासून करत आला होता, कोणी पाटलाचे नाव काढले की. त्याच्या बापाची, लडकूची, मिटत नसत. कशेळ्याला एका घरी भांडी गेली होती, आणि भांडी गेली की माणसे आधी वाडीवर येत, पुढे कुठे जायची गरज त्यांना बहुधा पडत नसे. चावडीत बापाला विचारले होते, रात्री कुठे होतास? घरी. कोण सांगतं? बायको. मग हशा... गोमा चावडीच्या बाहेर चिंचेखाली आईचा पदर धरून उभा होता आणि तो हशा त्याने ऐकला होता. लोक आनंदाने हसतात तसाच तो होता, त्यात काही वेगळे नव्हते. बाप घरीच झोपला होता. गोमा त्याच्या कुशीत झोपला होता. मला ठाऊक होते, मी सांगू शकलो असतो, पण मला कोणी विचारले नाही. आणि विचारले असते तर माझ्यावरही हसले असते. संध्याकाळी बापाने भांडी घेतल्याचे कबूल केले. नंतर ती भांडी त्याच घरात सापडल्याचे कानावर आले, पण तोवर बोटे गेली होती. त्यांत पुन्हा कोयता बसला नाही.

ऊन डोक्यावर आले. चिंधी भाकरी घेऊन आली, वर सुक्या बोंबलाची चटणी. तो खात असताना ती जोत्याच्या कडेने हिंडली. बसणे तिला जमत नसे. रानात जशी हिंडते तशीच, मान खाली, पाय हलके, डोळे जमिनीच्या रेघेवर. एक बाजू झाली, दुसरी झाली. मग ती परत आली आणि त्याच्या समोर बसली.

"हितं ताजं बीळ एक बी नाय."

त्याने घास गिळला, आणि पोपटचे म्हणणे सांगितले. आपला वास. उंदीर पळाले.

चिंधी खुदकन हसली.

"मंग आपल्या घरात कसं हायेत रं? ते काय वासाचं नाय?"

खरे होते. घरात होते. चुलीमागे, आढ्याला, चिंधीच्या उशाशी. सगळी वाडी पिढ्यान्‌पिढ्या उंदीर खात आली होती आणि वाडीत उंदीर होते. इतकी साधी गोष्ट — जन्मभर आढ्यावर खुडबूड ऐकत झोपलेल्या माणसाला ती दिसू नये? ती दिसत होती. मीच तिच्याकडे बघत नव्हतो.

तिचे हसू हळूहळू उतरले. तिने वखारीकडे पाहिले, त्याच्या गळ्याकडे पाहिले, आणि भाकरीच्या फडक्याची घडी करू लागली. घडी करून झाल्यावर ते पुन्हा उलगडले आणि पुन्हा घडी केली. शेठ उद्या येणार हे त्याने तिला सांगितले. पाटलाचे सांगितले नाही. ती जाताना दोनदा वळली.

ती दिसेनाशी झाल्यावर गोमा उठला आणि उत्तर अंगाला जाऊन पुन्हा जाळ्यासमोर बसला. आता पाहायचे होते. ते पिवळट कण. त्याने तोंड जवळ नेले. त्याच्या श्वासाने जाळे हलले. कण मोहोराचे होते. आंब्याचा मोहोर, वाळून तपकिरीकडे झुकलेला. वखारीवर आंब्याची फांदी आली होती. त्याने वर पाहिले. कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या होत्या. आणि तो कामावर आला तेव्हा? तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी खाली पडलेल्या कैऱ्या वेचून चिंधीला नेल्या होत्या. बोराएवढ्या होत्या; तिने मिठाबरोबर खाल्ल्या होत्या. मोहोर त्याआधी झडून गेला होता. माघात.

म्हणजे जाळे माघातले. माघात मी इथे नव्हतो. उंदीर माझ्या वासाने गेले नाहीत. मी येण्याच्या आधी गेले. आणि भाताने भरलेल्या वखारीतून उंदीर —

इथे विचार थांबला. थांबला म्हणजे गोमाने तो थांबवला, जसा उतारावर माणूस टाच रोवून थांबतो. दार उघडून पाहता आले असते. किल्ली गळ्यात होती. पण दार उघडले की गाठ सुटणार, आणि ती गाठ हा त्याच्याजवळचा एकुलता एक पुरावा होता — कशाचा पुरावा, हे अजून त्याने स्वतःला सांगितले नव्हते. शिवाय अंगणातून रस्त्यावरची माणसे दिसत होती, आणि रस्त्यावरच्या माणसांना अंगण दिसत होते. वखार उघडताना गोमा दिसला, असे उद्या कोणी म्हणाले तर ते खरेच असेल.

भिंतीच्या वरच्या टोकाला, कौलांखाली, वारा खेळण्यासाठी एक झरोका ठेवला होता. त्याला सळ्या होत्या. माणूस त्यातून जाऊ शकत नव्हता. खडा जाऊ शकत होता.

त्याने ओहोळाकडचा एक गोल गोटा उचलला, बोराएवढा. खडा भाताच्या राशीवर पडला तर काय ऐकू येईल हे त्याला ठाऊक होते: थोडी सळसळ, मग काही नाही, भात खडा गिळून टाकते. आणि हेही ठाऊक होते की दुसरा आवाज कसा असेल. खोपोलीला, नळांत पाणी सोडण्याआधी, मजूर गंमत म्हणून वरच्या तोंडातून दगड सोडत आणि तो घरंगळत खाली जाताना कान लावून ऐकत. रिकाम्या जागेला आवाज असतो. भरलेल्या जागेला नसतो. देवा, सळसळ होऊ दे — असे तो मनात म्हणाला; मग त्याला वाटले, आत जे असेल ते आधीच आहे, माझ्या म्हणण्याने त्यात काय होणार? तरी तो पुन्हा म्हणाला.

खडा सळ्यांमधून आत गेला. जरा वेळ काही नाही. मग टक् — आणि घरंगळणे, लांब, सावकाश, चोपलेल्या जमिनीवरून, पलीकडच्या भिंतीपर्यंत. आणि भिंतीला लागून थांबणे.

त्याने दुसरा खडा घेतला आणि झरोक्याच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका टाकला. कदाचित तेवढीच बाजू रिकामी असेल. टक्. घरंगळणे. तिसरा, उजवीकडून. त्याने आणखी टाकले नाहीत. खड्यांनी सांगितले ते सारखेच होते.

गोमा भिंतीला टेकून बसला. कारवीचा, शेणामातीने लिंपलेला कूड पाठीला लागत होता. पळून जावे? डोंगर तासाभराच्या वाटेवर होता, आणि डोंगरात त्याला कोणी शोधू शकले नसते. पण शोधायला आलेल्यांना वाडी सापडली असती; आणि जो पळाला त्यानेच नेले, एवढे सोपे उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न कोण विचारतो? पाटलाकडे आत्ताच जाऊन सांगावे? काय सांगावे — की बिळावर जाळे आहे? की जाळ्यात मोहोर आहे? की कुलपाला मी बांधलेली गाठ पहिल्या दिवसापासून तशीच आहे, आणि म्हणून मी उघडलेले नाही? वाडीतल्या कोणाही माणसाला हे पुरले असते. चिंधीला पुरले असते, बापाला पुरले असते, रानातल्या कोणत्याही झाडाखाली ही गाठ दाखवली असती तर भांडण तिथे मिटले असते. पारावर मात्र ते गवत होते. त्याला हशा ऐकू आला. तोच, आनंदाचा.

ऊन कलले. रस्त्यावरून गुरे परतली, धूळ उडाली, खाली बसली. गोमाने बोटे मिटली, उघडली. मग उठून तो दारापाशी आला. कुलपातल्या गाठीला त्याने हात लावला नाही, फक्त पाहिली. उद्या शेठ तिच्याकडे पाहील का? मुंबईचा माणूस, डोंगर नसलेला. आबाजीचा चेहरा त्या वेळी कसा असेल? आपण तिच्याकडे बोट दाखवू, की आपला हात वर जाणारच नाही? बोलू, तर कोणत्या शब्दाने सुरुवात करू? हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ते उद्यावर होते.

त्याने बसायचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि फिरवून ठेवला. आता रान पाठीशी होते आणि तोंडासमोर दार, कुलूप, आणि वखारीच्या कडेने कडावकडे जाणारी वाट. तो बसला. इतके दिवस पाठीला चिकटलेले ते गार फडके तिथे नव्हते. भीती गेली नव्हती. ती पुढे येऊन बसली होती, आणि तिला तोंड होते, आणि कमरेला किल्ली अडकवायची रिकामी साखळी होती.

उंदीर नव्हते, कारण वखारीत भात नव्हते. भात माघात गेले होते: बुधाजीला काढल्यानंतर, आणि गोमाला नेमण्याआधी. ते कूड न फोडता, कुलूप न मोडता गेले होते, म्हणजे किल्लीने गेले होते, आणि तेव्हा किल्ली आबाजीच्या कमरेला होती. चोरी करून झाली होती. चोर तेवढा नेमायचा राहिला होता, आणि त्या जागेसाठी आबाजीने सगळ्या उमेदवारांतून गोमाची निवड केली होती.